चौथा पाय

नव्या जेवणाच्या टेबलापायी महावीर अण्णांनी अल्लाउद्दीन मिस्त्रींना तिसऱ्यांदा बोलावून घेतलं. "डुगडुगतंय की! रोज आमटी सांडतीया. रविवारी लेकीच्या सासरचं पावणं जेवायला येणार हायत, त्यांच्यासमोर शोभा व्हायची!"

मिस्त्रींचा जीव थाऱ्यावर नव्हता. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं टेबल कधी हललं नव्हतं. त्यांनी चारी कोपरे दाबून बघितले. सागवान ढिम्म हलेना.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून अण्णा ताटावर बसले. त्यांनी वाटी उचलली आणि आमटी सदऱ्यावर सांडली. टेबल जागचं हललं नव्हतं. थरथरत होता तो अण्णांचा हात.

अण्णा तणतणत सदरा बदलायला आत गेले. त्यांच्या पत्नी अरुणाअक्का पुढं आल्या. त्यांनी मिस्त्रींपुढं हात जोडले. "एक पाय जरा आखूड करा."

मिस्त्रींनी टेबलावरून एकदा हात फिरवला आणि करवत उचलली. मग खाली वाकले.

अण्णा परत आले, टेबलावर हात टेकला, तसं ते खडखडलं. "बघा! म्हटलं न्हवतं?"

"चुकलं माझं, अण्णा," मिस्त्री म्हणाले. "पावण्यांना खुशाल माझं नाव सांगा."