बेस वाढवा

सुंदरपेरुमाळ कोयिलचं रेल्वे फाटक पडलं. दवाखाना पलीकडे कुंभकोणमला राहिला आणि सेतूची गाडी अलीकडेच अडकली.

"अहो, बेस वाढवा," शेजारी बसलेली शिवरंजनी म्हणाली.

हौसेनं बसवलेल्या वूफरचा बेस तिनेच सातव्या महिन्यात शून्यावर आणायला लावला होता. "बाळ दचकतं हो," म्हणायची.

सेतूनं घामेजल्या बोटांनी ट्रेबल उतरवला, बेस चढवला.

"अजून."

गाडीची दारं थरथरू लागली.

"अजून!"

मागच्या गाडीतले एक आजोबा उतरून आले आणि काच ठोठावत तमिळमध्ये ओरडले, "शेजारी पोटुशी बाई, आणि हा धिंगाणा? लाज नाही वाटत?"

सेतूनं त्यांना हात जोडले, पण आवाज कमी केला नाही.

शिवरंजनी डोळे मिटून, दोन्ही तळवे पोटावर दाबून बसली होती. सकाळपासून अशीच पोटातली चाहूल घेत बसली होती. गूळपाणी पिऊन झालं होतं, डोहाळजेवणात भरलेल्या काचेच्या बांगड्या पोटाशी किणकिणवून झाल्या होत्या.

एकाएकी तिनं सेतूचं मनगट घट्ट धरलं.

"कमी करा," ती रडतरडत म्हणाली, "दचकलं."