डावा बूट

यवतेश्वरच्या घाटात, चढ ऐन भरात असताना तनुजाच्या नव्या कोचनी, बाबर सरांनी, स्कूटर आडवी घातली. "थांब. आधी डाव्या बुटाची नाडी सैल कर."

तनुजा ब्रेक दाबून त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचा डावा पाय मांडीपासून नव्हता. पॅरासायकलिंगच्या शर्यतीत ती एका पायानेच सायकल चालवायची, आणि हे सरांना पक्कं ठाऊक होतं. पण आज पहिल्यांदाच दोघांनी कानामागे संवेदना पोचवणारी टिकली लावली होती. तिच्या अंगातलं सरांना जाणवत होतं आणि सरांच्या अंगातलं तिला.

सर वरमले. "माफ कर. टिकलीच बिघडली असेल. पण बोटं अशी आवळून आली आहेत की..."

"बिघडली नाही, सर," ती म्हणाली. "अपघाताच्या दिवशी मी घाईत नाडी करकचून बांधली होती. पाय गेला, बूट तेवढा घट्टच राहिला. डॉक्टर म्हणतात, मनाचे खेळ आहेत. घरी सांगायचंही मी सोडून दिलं."

कठड्यावर बसून सरांनी स्वतःच्या डाव्या बुटाची नाडी सोडली, मोजा काढला आणि एकेक बोट मोकळं करत चोळायला घेतलं.

तनुजाने डोळे मिटले. इतक्या वर्षांनी तिच्या पायाला वारा लागला.

"सर," ती म्हणाली, "करंगळी राहिली."