नवे पर

“हात बाहेर काढ!” काचेच्या टाकीवरचं दुभाषी यंत्र खेकसलं. माशांचं बोलणं मराठीत ऐकवणारी ही यंत्रं आता घरोघरी आली होती, आणि वैजयंतीचा बोटभर क्लाउनफिश जखमी झाल्यापासून तिला नुसत्या शिव्याच देत होता. टाकीतल्या मोठ्या निळ्या माशाने त्याचे पर कुरतडले होते. वैजयंतीने त्याला वेगळ्या टाकीत ठेवलं, त्याचं खारं पाणी रोज बदललं, कोळंबीचे बारीक तुकडे भरवले.

“एवढं करतेस, तरी तुझ्यावरच डाफरतो! बंद कर ते यंत्र,” तिचा नवरा सुहृद वैतागला.

“दुखतंय त्याला,” ती म्हणाली.

हळूहळू पर भरून आले. मासा सरळ पोहू लागला, तेव्हा तिने हौसेने विचारलं, “आता बरं वाटतंय ना?”

“चावला तो निळा,” मासा म्हणाला, “पण मला पळायला जागा ठेवली नाहीस ती तू.”

वैजयंतीचा चेहरा उतरला. तरी खाऊ घालायला तिने पाण्यात बोटं बुडवली. नव्या परांच्या जोरावर मासा सुसाट आला आणि कडकडून चावला. सुहृद ओरडला, पण तिने हात पाण्यातच राहू दिला.