आधी हवा, मग पाणी

"वारा सरला का?" डॉक्टरांनी सकाळी विचारले, तेव्हा उशाशी बसलेल्या सुनेकडे एकवार पाहून ठोसर आप्पांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली. आतड्याचा पीळ सोडवण्याची शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झाले होते आणि पाण्याचा थेंबही पोटात नव्हता.

"आतडी अजून झोपलेली आहेत," पोटावर स्टेथोस्कोप टेकवून डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत वारा सरला नाही, तर पोट पुन्हा उघडून पाहावे लागेल."

दुपारी सून डबा धुवायला गेली असताना आप्पांच्या पोटात गुडगुडले आणि जे व्हायला हवे होते ते झाले. ती परतली. आता सांगणे भाग होते. पण पाणीपुरवठा खात्यात अभियंता म्हणून हयात घालवलेल्या आप्पांनी सुनेसमोर कधी मोठ्याने ढेकरसुद्धा दिला नव्हता.

त्यांनी घसा खाकरला. "सूनबाई, लाइनची दुरुस्ती झाल्यावर नळाला पाण्याच्या आधी काय येते?"

"हवा येते की, फुस्स करून. तुम्हीच तर नेहमी..." ती थबकली. "अगं बाई! आप्पा, आली?"

"आली," छताकडे पाहत आप्पा म्हणाले. "लाइन मोकळी आहे."

ती हसू दाबत सिस्टरांना बोलवायला धावली. डॉक्टरांना विचारून सिस्टर वाटी घेऊन आल्या. "आजोबा, आज दोनच चमचे पाणी हं."

आप्पांनी तोंड उघडले. त्यांचे कोरडे ओठ पुसत सून म्हणाली, "बरोबर आहे. पहिल्या दिवशी दाब कमीच ठेवायचा असतो."