वर येणारे मासे

मासे पाण्यावर तोंडं काढून उघडमीट करू लागले की मी चिमूटभर खाणं टाकायची. "भुकेजलेत बिचारे," म्हणत गेले आठ दिवस दिवसातून चार-चारदा टाकत होते. आज सकाळी त्यातला एक उलटा तरंगताना दिसला, तेव्हा टाकी विकणाऱ्या दुकानदाराला घरी बोलावलं.

त्यानं पाण्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला पांढरी लव चिकटली होती. "वहिनी, तुमच्या मागांवरचा कापूस उडून पाण्यावर साय धरलीय. हे भुकेचं लक्षण नव्हे. खाली श्वास पुरत नाही, म्हणून मासे वर येतात. तुम्ही खाणं टाकून टाकून पाणी आणखी नासवलंत."

मागच्या खोलीत आमचे चारही यंत्रमाग खडखडत होते. तिथं सुताच्या कांड्या भरायचं काम सासूबाईंचं. दिवाळीपासून त्या हातातलं काम टाकून घडीघडीला पुढच्या खिडकीत येऊन बसायच्या. "गल्लीची खबर घेऊन झाली असेल तर आत चला," असं मी त्यांना रोज ऐकवायची.

आताही त्या तिथंच होत्या, गज धरून, तोंड किंचित उघडं. त्यांच्या अंबाड्यावर तीच पांढरी लव होती. मी जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

त्या दचकून उठल्या.

"आले गं," धाप दाबत त्या म्हणाल्या. "दोनच कांड्या राहिल्यात."