लाल डबा की काळा डबा

रोशनीनं कॉर्डलेस माईकचं बटण चालू केलं. सुंदरबाईच्या खाटेवर गोधडीची घडी होती, तिच्यामागे तो हळूच उभा केला. मग दोन्ही बगलांत स्पीकरचे दोन डबे मारले आणि जिना चढू लागली.

"गच्चीवर जाऊन आवाज पाहते, अक्का."

"एकेक ले. पाय घसरी जाई व माय," सुंदरबाई सुपारी कातरत म्हणाली.

रोशनीला आवाज पाहायचाच नव्हता. खाली काय बोलणं होतं ते ऐकायचं होतं.

पारोळ्यात हळद असो की डोहाळजेवण, गाण्याला ह्या दोघीच. अक्का साठीची, रोशनी पंचविशीची. रविवारी धुळ्याला देवपुरात मोठ्या घरची हळद होती. त्या लोकांची अट एकच, आवाजाचा डबा तुमचा तुम्ही आणायचा. आता डबा होता कुठे? मागच्या हळदीला मागून आणलेल्या डब्यानं अशी शिट्टी मारली होती की गोठ्यातल्या तीन म्हशी आठ दिवस दूध आखडून बसल्या, आणि नवरदेवाच्या मामाची कवळी चहात पडली.

म्हणून जळगावच्या दुकानातून दोन डबे घरी वाजवून पाहायला आणले. एक ठेवायचा, दुसरा उद्या परत. घरी रियाजाला हळू बोलला पाहिजे, अंगणात शंभर माणसाला पुरला पाहिजे, आणि लाइट गेली तरी बंद पडायला नको.

लाल डब्याला रंगीत दिवे होते. धमक तर अशी की दुकानात लावला तेव्हा समोरच्या हॉटेलातल्या कचोऱ्या कढईत पडायच्या आधीच फुगल्या. रोशनीचा जीव त्याच्यावरच जडला. काळा म्हणजे नुसता तेलाचा डबा दिसायचा. अक्काला नेमका तोच पसंत.

"अक्का, तुमचे कान म्हातारे झाले," रोशनी म्हणाली होती.

अक्का त्यावर काही बोलली नाही. तिथेच रोशनीला पहिला संशय आला. अक्का गप्प बसणारी बाई नव्हे.

दुसरा संशय अमळनेरच्या डिंपलचा. डिंपल पण हळदीला गायची, गळा साखरेचा. कालपासून तिचे तीन फोन आले होते, आणि तिन्ही वेळा अक्का फोन घेऊन परसात गेली. परत आली ती हसत. रोशनीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. अक्काला लाल डबा नको होता, की लाल डबा पसंत करणारीच नको होती? धुळ्याला डिंपलला न्यायचं ठरत असेल तर? रोशनीला गाण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. अक्कानं जोडी तोडली की संपलं. एकटीला हळदीला कोण बोलावतं?

दुपारी शेजारची कमलबाई गप्पांना यायची. अक्का तिच्याजवळ पोटातलं सगळं ओकायची. म्हणून तर तो माईक.

गच्चीवर पोचते तोच जिन्यातून अक्काचा आवाज आला.

"ये व कमलबाई, बस!"

रोशनीनं घाईघाईनं माईकचा आवाज पकडणाऱ्या छोट्या डबीची पिन लाल डब्याला लावली. आवाज बारीक ठेवला आणि कान चिकटवला. आतून नुसतं धुम, धुम. मधेच "रोशनी" एवढं कळलं. मग परत धुम, धुम. रोशनीच्या अंगाची लाही झाली. तिनं पिन उपटली आणि काळ्या डब्याला खुपसली.

अडकित्त्याचा कट्ट आवाज कानाशी झाला. मग अक्का.

"रोशनीना गळा? कोरडी विहीरमा बादली पडनी का असाच आवाज येस. तिसरं कडवं उनं का दम संपस, आन् नाव ठेवस माईकले! मी जरा तिकडे पाहं का मना लाडू खास. नई व माय, आते बस झालं. धुयाले मी डिंपललेच ली जासू."

कमलबाई हूं नाही की चूं नाही. कमलबाई सलग पाच मिनिटं गप्प बसली, असं पारोळ्यात किल्ला बांधल्यापासून घडलं नव्हतं. पण रोशनीला त्याचं भान कुठलं? तिच्या कानात एकटी डिंपल घुमत होती.

डबे वरच टाकून ती धाडधाड खाली आली. डोळे भरलेले, नाक लाल.

"मी सगळं ऐकलं, अक्का. जा घेऊन डिंपलला! इतकी वर्षं तुमच्या मागं कोरस धरला, आणि आज मी कोरडी विहीर?"

खाटेवर सुंदरबाई एकटीच होती. कमलबाई तर सकाळीच एरंडोलला लेकीकडे गेलेली. अक्काच्या हातात माईक होता, हळदीत धरते तसा अगदी ओठांजवळ.

"तुना माईकना हिरवा दिवा भिंतवर दिसस व माय," ती म्हणाली. "डिंपलनी बी हाऊच लाल डबा लिधा. दिवे पाहीसन फसनी, म्हणून रडी राहिनी फोनवर. मी सांगं असतं तं तू मना कानले नावं ठेवती."

रोशनीनं पदरानं नाक पुसलं. मग फणकारली, "म्हणून मला इतकं घाण बोलायचं?"

"गाणामा एखादा शब्द बुडना तं कोणले समजस? आपली निंदा मात्र माणूस अक्षर-अक्षर आयकस." सुंदरबाईनं सुपारीचं खांड गालात सारलं. "आते सांग, कोणता डबामा मनी एक बी शिवी वाया गई नई?"