तपासणीआधीचा पाव

लेकाचं वागणं म्हातारीला हल्ली खटकत होतं. एरवी पोटात कावळे ओरडले तरी शिवणाच्या मशीनवरून न उठणारा हा माणूस रोज सकाळी आपल्या पोरीच्या शेजारी ठाण मांडायचा आणि ऐन खाण्याच्या वेळी बायकोला पिटाळायचा. कधी कात्री आण, कधी गिऱ्हाईक आलंय बघ. आज तर कहर झाला. पोरीला रक्त तपासायला न्यायचं, तर बायकोला धाडलं गाडी बघायला आणि म्हाताऱ्या आईला म्हणतो, "तेवढं पाणी आण ना आतून." हा कोण लागून गेलाय नवाब!

ती पुटपुटत आत गेली आणि चष्मा राहिला म्हणून तशीच मागे फिरली.

कापड बेतायच्या टेबलावर पोरीची बशी होती. पोरीच्या बशीतला पाव लेकाच्या तोंडात चालला होता. आणि पोर समोर बसून रिकामं तोंड हलवत होती. अगदी सराईतासारखं.

"तोंड उघड," म्हातारी म्हणाली.

"आई, अगं..."

"उघड म्हणते ना!"

चाळिशीच्या माणसाने गाल फुगवून मान खाली घातली.

या पोरीला, घरात सगळे तिला बटण म्हणत, तपासणीपर्यंत रोज गव्हाच्या पावाचे दोन काप खायचे होते. त्याच पावाने तिचं पोट फुगायचं, दुखायचं. मध्यंतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून गहू बंद केला, तर पोर हसूखेळू लागली. डॉक्टरीणबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. गहू पोटात जात असल्याशिवाय हे दुखणं रक्तात दिसत नाही, म्हणाल्या. दीड महिना परत द्या, मग बघू. म्हातारीने ते आपल्यापुरतं समजून घेतलं होतं. रोगापासून अंगाची राखण करणारं कुत्रंच घरच्यांवर उलटलंय. आधी ते गळ्यातल्या थायरॉइडला चावलं, त्याची गोळी चालूच होती. आता गव्हाचा वास लागला की आतड्याला चावतंय का, ते बघायचं होतं. नऊ वर्षांची पोर सहाची दिसत होती. घरात तिघं शिवणारी, पण तिच्या फ्रॉकची दुमड सोडायची वेळ दोन वर्षांत आली नव्हती.

"कधीपासून?"

उत्तर बटणने दिलं. "आजी, बाबांना रागावू नकोस ना. मला खूप दुखायचं. आता नाही दुखत."

पोर दुपारी उड्या मारत होती, तेव्हा पोटाला सवय झाली म्हणून म्हातारी शेजारणीला सांगत सुटली होती.

"बघवत नव्हतं मला," लेक म्हणाला. "ही पोट धरून वाकायची, आणि हिची आई भिंतीकडे बघत घास भरवायची. दगड आहे ती! जाऊ दे ना आई. रक्त घेऊन टाकतील. काही नाही असं आलं तर सुटलो."

"सुटलो? कोण सुटलं?" तिने पोरीचा फ्रॉक चिमटीत धरून त्याच्यासमोर केला. "काही नाही म्हणतील आणि ही जन्मभर गहू खाईल. हा फ्रॉक हिला लग्नातही बसेल. तेव्हा येशील का सगळा पाव खायला?"

बाहेर हॉर्न वाजला. सून पदर सावरत आत आली. "चला, गाडी थांबलीय. खाल्लंस ना ग सगळं?"

लेकाने आईकडे पाहिलं. लहानपणी काच फोडून आला की असंच पाहायचा. आजवर तिने सुनेसमोर त्याची बाजू कधी पडू दिली नव्हती. चुकला तरी आत नेऊन झापायची, बाहेर चकार शब्द नाही. आताही एक हो म्हटलं की गाडी निघणार होती.

"गाडी परत पाठव," म्हातारी म्हणाली.

"अहो आई, आज नंबर लागलाय! मी शिवणाची कामं मागे टाकून..." सुनेचं लक्ष बशीकडे गेलं. मग नवऱ्याच्या मिशीवरच्या चुऱ्याकडे. ती हळूच स्टुलावर टेकली. "किती दिवस?"

"निम्म्याहून जास्त," तो कसाबसा म्हणाला.

"म्हणजे परत पहिल्यापासून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसते हात मांडीवर ठेवले आणि ती त्या हातांकडे बघत राहिली. बटणला आत्ता कळलं. तिने फ्रॉकसकट पोट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

लेक उठला. "गाडीवाल्याला सांगून येतो."

"बस खाली. त्याला मी सांगते." म्हातारी दाराशी जाऊन वळली. "तिने पाव भरवला, ती दगड झाली. तू चोरून खाल्लास, तू मायाळू झालास. फार स्वस्तात झालास रे! डॉक्टरीणबाई परत सुरू करा म्हणतील, तेव्हा एकेक घास तू भरवायचा. पोर कळवळेल, तुझ्या नावाने ओरडेल, तरी जागचं हलायचं नाही. बाप आहेस ना? मग चार दिवस तिचा नावडता हो."